सोनलच्या दातांखालचं फडकं

मित्रांनो, मी एक जुनं फडकं आहे. पाणी गाळायचं. कबनूरच्या एका घरात, पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी, एका लहानशा झबल्याखाली माझी घडी पडून असते. वर्षातून एकदा ट्रंक उन्हात ठेवतात तेव्हा मला उजेड दिसतो. त्या वेळी मला कुणी सूर्यासमोर धरलं, तर माझ्या एका कोपऱ्यात बारीक बारीक भोकं दिसतील. ती उंदराची नाहीत आणि कसरीचीही नाहीत. ती सोनलच्या दातांची आहेत. म्हणजे दोन-तीन सोडून बाकी सगळी. त्या दोन-तीन भोकांचं शेवटी सांगेन.

एके काळी सगळं घर माझं गुणगान करायचं. "या फडक्यानं आमची लाज राखली," असं म्हणायचे. पण ज्या कामासाठी माझं कौतुक झालं, त्याच कामानं एका लेकराचं नुकसान झालं. मला ते तेव्हाच कळत होतं. फडक्याला तोंड नसतं, म्हणून गप्प राहिलो. आज सांगतो.

माझा जन्म १९९५ सालचा. इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरमध्ये अभिनंदनच्या घरामागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये चार माग. मागावर कापड विणतात. धोटा इकडून तिकडे धावतो आणि खटखट खटखट सुरू होते, ती जेवणाचं ताट हातात आलं तरी थांबत नाही. त्यामुळे त्या घरात हळू कुणी बोलतच नसे. बोललं तरी ऐकू कुणाला येणार? अर्धी कामं हातवाऱ्यांवर चालायची. मूठ तोंडाकडे नेली की जेवायला चला. दोन बोटं हलवली की धागा तुटलाय. नवख्या पावण्याला वाटायचं, घरात भांडण लागलंय.

एक बीम, म्हणजे मागावरचा उभ्या सुताचा रूळ, संपत आलं तेव्हा शेवटच्या सुतात अभिनंदनने आपल्या आईसाठी मला विणलं, नेहमीच्या मालापेक्षा दुप्पट घट्ट. आईला घरात आणि गल्लीत सगळे आव्वा म्हणत. "आव्वा, हे बघ. ह्यातनं मुंगीचा पाय सुदीक जाणार न्हाय," तो ओरडून म्हणाला. आव्वांनी मला उजेडासमोर धरलं, चारी बाजूंनी ताणलं आणि म्हणाल्या, "काठ वाकडा हाय." आव्वांकडून मिळणारं कौतुक ते एवढंच.

घर जैनांचं. न गाळलेलं पाणी कुणाच्या तोंडाला लागत नसे. पहाटे आंघोळ करून आव्वा मला दुहेरी करून हंड्यावर बांधायच्या आणि अंगणातल्या आडाचं पाणी धारेने ओतायच्या. गाळून झालं की मला उलटं करून, गाळलेल्याच पाण्याने हलक्या हाताने धुवायच्या आणि ते धुतलेलं पाणी परत आडात सोडायच्या. माझ्यात अडकलेला एखादा सूक्ष्म जीव तडफडून मरू नये म्हणून. धोंडुबाई नावाची बाई मागाच्या कांड्यांवर सूत भरायला यायची. ती एकदा हसून म्हणाली, "काय दिसतंय तरी का आव्वा त्यात?" आव्वा चिडल्या. "डोळ्याला दिसत न्हाय म्हणून काय जीव नसतोय व्हय?"

मला या कामाचा फार अभिमान होता. आंघोळ न केलेला हात मला लागायचा नाही. थोडा शिष्टच होतो म्हणा ना.

आता सोनलविषयी. ती तेव्हा तीन वर्षांची होती, अभिनंदन आणि त्रिशलाची एकुलती एक मुलगी. ती जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हिला डाऊन सिंड्रोम आहे, सगळं उशिरा येईल आणि काही गोष्टी येणारही नाहीत. भावकीत चार तोंडं चार गोष्टी बोलली. आव्वा म्हणाल्या, "जीव हाय. आपल्या दारात आलाय. जपायचा." विषय तिथेच संपला.

ती उशिरा चालली, उशिरा बोलायला लागली, तेही दोन-चार तुटके शब्द. पण तिचे कान! चार मागांचा आवाज तुम्हा-आम्हाला एकच वाटतो. सोनलला ते चार निरनिराळे ऐकू येत. शेडच्या उंबऱ्यावर बसून ती रिकाम्या कांड्यांशी खेळायची. मध्येच एखादा माग धागा तुटून थांबला, की मान वर करून त्याच्याकडे बोट दाखवायची आणि ओरडायची, "बा! बं!" म्हणजे बाबा, बंद. तीन माग धडधडत असताना चौथा थांबलेला बापाच्या आधी तिला कळायचा. अभिनंदन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "ह्यो माझा मुकादम हाय!" ज्या लेकराला भावकीने बिनकामाचं ठरवलं होतं, त्या लेकराला या घरात एक काम होतं आणि ते कानाचं होतं. मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा.

पाचवं लागलं आणि सोनल दात खायला लागली. माग चालू असताना कुणाला कळलं नाही. आठवड्याच्या सुट्टीला माग बंद होते, त्रिशला भाकरी थापत होती, आणि पाठीमागून पाट्यावर खडा रगडल्यासारखा आवाज आला. करर्र, करर्र. वळून बघते तर सोनल भिंतीला टेकून बसलेली, डोळे कुठेतरी लागलेले आणि जबडा फिरतोय. "सोनू, नको गं," म्हणत त्रिशलाने पिठाच्या हाताने तिची हनुवटी धरली. हात काढला की पुन्हा करर्र.

धोंडुबाईने निदान करून टाकलं. "पोटात जंत झाल्यात. वावडिंग उकळून पाजा." आव्वा पेचात पडल्या. जंत झाला तरी जीवच! दोन दिवस विचार करून त्यांनी स्वतःची समजूत घातली, की वावडिंगाने जंत मरत नाहीत, घाबरून पळून जातात. सोनलने तीन आठवडे तोंड वेडंवाकडं करत ते पाणी प्यायलं. जंत पळाले असतील नसतील, दात खाणं काही पळालं नाही.

पुढे कुरुंदवाडला त्रिशलाच्या नणंदेच्या घरी साखरपुडा झाला. तिथून आल्यावर त्रिशला हंड्याजवळ बसून आव्वांना सांगत होती, ते मी ऐकलं. बायकांच्या पंगतीत सोनल दात खायला लागली, तशी शेजारची बाई पाट घेऊन सरकली. दुसरी मोठ्याने म्हणाली, "दात खाणारं पोर घर खातंय म्हणत्यात." त्रिशला भरल्या ताटावरून उठली आणि मुलीला घेऊन मांडवामागे जाऊन बसली. "आव्वा, ती कशी बी असू दे. मला कुणाचं काय न्हाय. पर लोक तिच्यापास्नं उठून जात्यात वो. तेवढा आवाज तेवढा बंद व्हायला पायजे बघा," असं म्हणून ती रडली. ज्याचं जळतं त्याला कळतं. मला तिची फार दया आली. पण मित्रांनो, चूक तिथेच सुरू झाली. आवाज का येतो हे विचारायचं राहिलं आणि आवाज थांबवायचं ठरलं.

मग तिला कोल्हापूरला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. प्रवासात पाणी गाळायला मी पिशवीत असायचोच. डॉक्टर बाई शांत होत्या. म्हणाल्या, "अशा मुलांमध्ये हे पुष्कळ दिसतं. जबड्याची ठेवण वेगळी असते, दात मागेपुढे येतात. कधी कंटाळा आला म्हणून, कधी आनंदानेसुद्धा खातात. बहुतेकांचं वाढत्या वयात कमी होतं. रागावू नका. चावायला काहीतरी मऊ द्या." त्रिशलाचा जीव भांड्यात पडला. ती उठलीसुद्धा. डॉक्टर लिहिता लिहिता पुढे म्हणाल्या, "मात्र एकाएकी वाढलं तर सवय समजून सोडून देऊ नका. या मुलांचे कान लवकर बिघडतात, आणि दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही. कान आणि दात तपासून घ्यायचे." तेवढ्यात सोनलने टेबलावरचा पेनांचा डबा ओढला. पेनं गोळा करण्यात, हसण्यात, "गुणी हाय तशी" म्हणण्यात सगळे बाहेर पडले. पहिलं बोलणं घरी आलं. दुसरं तिथेच राहिलं. मी जन्मभर गाळायचंच काम केलं, मला ते लगेच कळलं. माणसांचे कानसुद्धा गाळतात.

दोन दिवसांनी आव्वा पाणी गाळत होत्या. सोनल दात खात खात आली, हंड्यावरून लोंबणारा माझा ओला गार कोपरा तिने ओढला आणि तोंडात घातला. आवाज थांबला. आव्वांचा हात वर गेला होता, तो तसाच राहिला. आंघोळ न केलेल्या हातांना मला शिवू न देणाऱ्या आव्वा! त्यांनी मला हंड्यावरून सोडलं, मधोमध दातांनी चीर दिली आणि टर्रकन फाडलं. "अर्धं पाण्याला, अर्धं हिला," त्या म्हणाल्या. "जीवासाठीच हाय की फडकं. ही बी जीवच." मला राग आला नाही. उलट त्या दिवशी मला आव्वा सगळ्यात मोठ्या वाटल्या.

त्रिशलाने माझ्या कोपऱ्याला गाठ मारली. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून ती मला सोनलच्या हातात द्यायची आणि दिवसातून दोनदा धुवायची. कुरुंदवाडच्या लग्नात सोनल मला चावत दोन तास शांत बसली. सरकून बसलेल्या बायकांनी तिचा गालगुच्चा घेतला. त्रिशला त्या दिवशी पोटभर जेवली. "सुंठीवाचून खोकला गेला की," अभिनंदन म्हणाला. कौतुकाने अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात. मला मांस कुठून असणार, पण मी फुगलो खरा.

अशी तीन वर्षं गेली. २००० सालच्या थंडीत सोनलला सर्दी झाली ती जाईचना. नाक वाहायचं, थांबायचं, पुन्हा वाहायचं. आणि ती मला निराळंच चावायला लागली. आधी चघळायची, आता करकचून चावायची. गाठीचे धागे तटातट तुटले, तेव्हा त्रिशलाने नवी गाठ मारली. तोंडात घालायच्या आधी सोनल मला उजव्या कानावर दाबून धरायची. तो कान तव्याच्या कडेसारखा तापलेला असायचा. माझा गारवा संपला की ती मला तोंडात कोंबायची आणि सगळा जोर दातांवर आणायची. कधी डोकं भिंतीवर आपटायची. "का गं एवढी चिडकी झालीस?" त्रिशला म्हणायची आणि मला पुन्हा भिजवून आणायची.

माझ्यावर पिवळसर डाग पडायला लागले. त्यांना वास होता. त्रिशलाला वाटलं आमटीचे असतील. तिने साबण जास्त लावला. मी तर अशा कापडाचा, की ज्यात अडकलेला डोळ्याला न दिसणारा जीव आव्वा जपून आडात सोडायच्या. आता माझ्यात त्या मुलीचं सगळं दुखणं अडकत होतं आणि मोरीत वाहून जात होतं. मला ओरडावंसं वाटायचं. निदान तिच्या हातून निसटून कुठेतरी हरवावं, म्हणजे तो आवाज तरी घरात ऐकू येईल, असं वाटायचं. पण मी हरवलो की सगळे मिळून मला शोधून आणायचे. "करकर हाय का? न्हाय न्हवं? मग बरंच हाय," अभिनंदन म्हणायचा.

त्याच दिवसांत माग थांबला तरी उंबऱ्यावरून बोट दाखवायचं बंद झालं. "मुकादम खेळात रमला जणू," अभिनंदन हसून म्हणाला. दुसऱ्या कुठल्या घरात हे लगेच ध्यानात आलं असतं. मुलगी हाकेला ओ देत नाही, हे चार दिवसांत कळलं असतं. पण या घरात हाक कोण मारतंय? सुट्टीला माग बंद असले तरी हातवाऱ्यांचीच सवय. त्रिशला मूठ तोंडाकडे न्यायची, सोनल जेवायला यायची. आव्वा हात हलवायच्या, ती जवळ जायची. सगळं सुरळीत चाललेलं दिसत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी एकाएकी वीज गेली. चारही माग थांबले. सोनल उंबऱ्यावर पाठमोरी बसली होती आणि मी तिच्या दातांत होतो. त्रिशलाने केळं सोललं. सवयीने मूठ तोंडाकडे नेली, पण मुलीची पाठ होती. म्हणून तिने हाक मारली. "सोनू, ये, केळं खा."

सोनल वळली नाही.

"सोनू!" त्रिशला दोन पावलं पुढे आली. "सोनल! ए सोनल!" शेजारची बायडाबाई काय झालं म्हणून दारात आली. त्रिशलाने फळीवरचं स्टीलचं ताट उचललं आणि सोनलच्या पाठीमागे फरशीवर टाकलं. धोंडुबाईच्या मांडीवरच्या कांड्या सांडल्या. आतल्या खोलीतून आव्वा धावत आल्या. सोनल मला चावत होती. तिच्या जबड्याचा ठोकासुद्धा चुकला नाही. थोड्या वेळाने वीज आली, माग सुरू झाले, फरशी थरथरायला लागली. तेव्हा तिने तळहात फरशीवर ठेवला आणि हसली.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरांनी बराच वेळ बॅटरी धरून आत बघितलं. "पू किती दिवस येतोय?" त्यांनी विचारलं.

"पू?" त्रिशला म्हणाली. मग तिने सोनलच्या तोंडातून मला काढलं, मांडीवर पसरलं आणि ते पिवळे डाग ती बघत राहिली.

"दोन्ही कान बिघडलेत. उजव्याचा पडदा गेलाय. आतली नाजूक हाडं किडलीत. ऑपरेशन करू, दुखणं थांबेल. ऐकू किती येईल, ते मी सांगू शकत नाही."

"एवढं दुखत हुतं, तर ती रडली का न्हाय वो?"

"रडली असेल, आपल्या पद्धतीने. दात खात होती का?"

"खायाची," त्रिशला म्हणाली. "पर आमी त्ये बंद केलतं." अभिनंदन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

ऑपरेशन झालं. दुखणं खरंच थांबलं. आणि महिन्याभरात सोनलचं ते करकचून चावणं आपोआप गेलं. कधीमधी मजेत जरा करकर करायची, तेवढंच. माझी गरजच उरली नाही. उजवा कान मात्र कायमचा गेला. डाव्याने अगदी थोडं येतं. कानात घालायला यंत्र आणलं, पण मागांच्या धडाक्यात त्यातून नुसता कल्लोळ शिरायचा. ती ते उपटून कांड्यांच्या डब्यात टाकायची. माग थांबला की अभिनंदन अजून उंबऱ्याकडे बघतो. ती त्याच्याकडे बघून हात हलवते. मग तो स्वतःच धागा जोडायला वाकतो.

आव्वांनी माझ्या दुसऱ्या अर्ध्याने पाणी गाळणं सोडलं नाही, पण एका पहाटे आडाच्या काठावर त्या मोठ्याने रडल्या. "दिसत न्हाय ते जीव जपलं गं त्रिशला मी. आन् मांडीवरचा जीव वरडत हुता, त्येच्या तोंडात चिंधी कोंबली." त्रिशलाने मला ट्रंकेत टाकलं. माझ्याकडे बघवत नव्हतं तिला. मला तिचा राग आला नाही. मलाही माझ्याकडे बघवत नव्हतं.

त्याच वर्षी भाद्रपदात पर्युषण संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आमच्या घरात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. थोरलेसुद्धा धाकट्यांसमोर हात जोडतात. सकाळी मंदिरातून आल्यावर त्रिशलाने ट्रंक उघडली आणि मला बाहेर काढलं. मला मांडीवर ठेवून ती सोनलसमोर बसली. हात जोडून म्हणाली, "सोनू, उत्तम क्षमा. माझं चुकलं. तू सांगत हुतीस, मी तुझं तोंड बंद केलं. क्षमा कर बाळा."

माग बंद होते. घर अगदी शांत होतं. एकेक शब्द स्पष्ट होता. जिच्यासाठी होता तिला सोडून तो सगळ्यांना ऐकू आला.

सोनलने आईच्या ओठांकडे बघितलं. गालांवरून वाहणाऱ्या पाण्याकडे बघितलं. तिने एक बोट आईच्या गालावर फिरवलं आणि तिचा चेहरा गंभीर झाला. आईला कुठेतरी दुखतंय, हे तिला कळलं. दुखलं की काय करतात, हेही तिला माहीत होतं. तिला या घराने तेच शिकवलं होतं. तिने मला उचललं, शेजारच्या तांब्यात माझा कोपरा भिजवला, नीट पिळला आणि आईच्या ओठांना लावला. आई तोंड उघडेना, तेव्हा बोटाने हळूच ओठ बाजूला करून मला आत सारलं. मग आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्रिशलाने मला दातांत घट्ट धरलं. हुंदका बाहेर पडू नये म्हणून तिने इतक्या जोरात चावलं, की माझं विरलेलं सूत फाटलं. ती दोन-तीन भोकं त्रिशलाची आहेत.

मित्रांनो, सोनल आता सतरा वर्षांची आहे. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात एखादं असं लेकरू असेल. ते दात खात असेल. कधी ती नुसती सवय असते, मग त्याला हसू नका, रागावू नका आणि पाट घेऊन सरकू नका. पण ते वाढलं, बदललं, तर त्याच्या तोंडात काही देण्याआधी त्याचा कान बघा, दात बघा, गळा बघा. माग बंद करा आणि त्याला पाठीमागून एक हाक मारून बघा. ज्याला शब्द नाहीत त्याचा आवाज थांबला, म्हणजे त्याचं दुखणं थांबलं असं नसतं.

क्षमावाणीला सगळे हात जोडतात. मला हात नाहीत, म्हणून एवढं बोललो.